समाधानची बाभूळ

गेली सात वर्षं दिगंबर सर एकच गोष्ट सांगतात आणि गेली सात वर्षं आम्ही ती पहिल्यांदाच ऐकतोय असं तोंड करून ऐकतो. सासवडच्या पुढचा उजाड माळ, त्यावर एकटी बाभूळ, सकाळचं तिरकं ऊन, मेंढरांच्या खुरांनी उठलेली धूळ, आणि त्या एका फोटोसाठी सर तीन तास एका जागी थांबले. ‘तीन तास, मंडळी! चित्र आपल्याकडे चालत येत नसतं.’ नवीन सभासद हे वाक्य वहीत उतरवून घेतात. काहीजण तर खाली रेघही मारतात.

मी त्या सकाळी गाडीत होते. तीन तास कुठले? नऊ मिनिटं. आणि ती नऊ मिनिटंसुद्धा सर आपणहून थांबले नव्हते, त्यांना समाधानने थांबवलं होतं.

हे मी आता लिहितेय. बोलायची वेळ होती तेव्हा माझी वाचा बसली होती. का बसली तेही सांगणार आहे. स्वतःची बाजू घ्यायला हे लिहीत नाही, घेण्यासारखी ती बाजूच नाही.

मी सुनीती. कोथरूडच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला, अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि हातात कॅमेरा घेतला. आता फोटोग्राफी क्लबची चिटणीस आहे. चिटणीस म्हणजे सभेला पाण्याच्या बाटल्या आल्यात का ते बघायचं, आणि अध्यक्षांना स्वतः लिहायची नसतात ती पत्रं आपल्या सहीने पाठवायची. अध्यक्ष अर्थातच दिगंबर सर. क्लबचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या मलाच माझ्याकडे खुलासा मागणारं पत्र माझ्याच सहीने लिहावं लागेल. सभासदांची यादी वाचायला घेतली तर लग्नाची पत्रिका वाचतोय असं वाटतं, सगळे कोणी ना कोणी एकमेकांच्या नात्यातले.

समाधान त्या यादीत नव्हता. तो आमचा ड्रायव्हर. राहायला हडपसरला, वय सत्तेचाळीस, स्वतःची बारा माणसांची टेम्पो ट्रॅव्हलर. समोर काचेखाली बुद्धाची वीतभर मूर्ती, बाकी गाडीत ना झिरमिळ्या ना लोंबती लिंबं. क्लबच्या सगळ्या सहली गेली पंधरा वर्षं त्याच्याच गाडीतून. त्याला आम्ही सगळे अरे-तुरे करायचो. शौनक नावाचा सव्वीस वर्षांचा पोरगा, आयटीतला, तोसुद्धा ‘समाधान, एसी वाढव’ म्हणायचा. मी तर मास्तरीणच, मला तर वाटायचं तो माझा हक्कच आहे.

आता आमच्या सहलींचा प्रकार समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माळावर माणूस पायी उतरला की लांडगा, कोल्हा, चिंकारा, सगळे पसार होतात. गाडीला मात्र ते तेवढं भीत नाहीत. म्हणून गाडीतच बसायचं, खिडकीत राजमा भरलेली उशी ठेवायची आणि तिच्यावर लेन्स टेकवायची. इंजिन बंद पाहिजे, नाहीतर लेन्स थरथरते. म्हणजे गाडी जिथे उभी राहील, तिथून दिसेल तेवढंच चित्र. बसलेला माणूस फार तर मान इकडेतिकडे करणार. मग चौकट कोण ठरवतं? प्राण्याच्या पाठीमागे काय येणार, ऊन कुठून पडणार, विजेचा खांब मध्ये तडमडणार की नाही, हे सगळं कोण ठरवतं? स्टिअरिंगवर बसलेला माणूस. इतकी साधी गोष्ट, पण पंधरा वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. सगळे शिकलेले ना आम्ही.

माझ्या लक्षात आलं तेही अपघातानेच. मी एकदा त्याच माळावर एका चंडोलावर लेन्स लावून बसले होते आणि गाडी हातभर मागे सरकली. मी खेकसले, ‘अरे, हलवतोस काय गाडी?’

‘मॅडम, मागला खांब त्याच्या डोक्यातनं उगवल्यागत दिसत व्हता,’ समाधान म्हणाला. ‘आता बघा.’

बघितलं. खांब नव्हता. माझ्या सीटवरून काय दिसतं ते त्याला त्याच्या सीटवरून कसं कळलं, विचारलं तर म्हणाला, ‘काचंतनंच बघतो की मी. रोज चौकटच असती माझ्यापुढं.’

तो शिकला तरी कधी? आमच्याचबरोबर. दिगंबर सर गाडीत माईक घेऊन शिकवतात, जाताना दोन तास आणि येताना दोन तास. चौकटीचे आडवे-उभे तीन भाग करा, मुख्य वस्तू मधोमध ठोकू नका, नजरेला आत न्यायला एखादी रेघ शोधा, प्राणी जिकडे बघतो तिकडे मोकळी जागा सोडा. दरवर्षी नवी बॅच, दरवर्षी तोच पाठ. विद्यार्थी एक वर्षात प्रमाणपत्र घेऊन घरी जायचे. समाधान पंधरा वर्षं त्याच वर्गात बसला, सरांकडे पाठ करून. त्याची मुलगी पायल तेवढ्यात पहिलीतून कॉलेजात गेली.

तर ती सकाळ. सात वर्षांपूर्वीची, जानेवारीतली. सरांनी ‘थांबव’ म्हटलं आणि समाधानने गाडी थांबवली नाही. इंजिन बंद केलं आणि उतारावरून ती तशीच दोनशे फूट घरंगळत नेली. सर भडकले. ‘अरे, कान आहेत का? थांबव म्हटलं ना?’ मी समाधानच्या मागच्याच सीटवर होते. त्याने मागे वळूनसुद्धा न बघता हळूच म्हटलं, ‘सर, बांध बघा.’ आणि खरोखर, तिथून शेताचा मोडका बांध कोपऱ्यातून निघून थेट बाभळीच्या बुडाशी जात होता. सरांनी कॅमेरा उचलला. ‘आत्ता नका काढू,’ समाधान म्हणाला, ‘मेंढरं येत्यात. ह्या वक्ताला रोज येत्यात.’

नऊ मिनिटांनी मेंढरं आली. धूळ उठली, ऊन त्यात अडकलं, सरांचा कॅमेरा कडाकडा वाजला. कळप पुढे गेला आणि सर म्हणाले, ‘चला, झालं.’ समाधान म्हणाला, ‘सर, जरा थांबा. मागनं बाई येती, कोकरू घेऊन. ती आली की भरंल ते.’

‘निसर्गचित्रात माणूस चालत नाही, समाधान,’ सर म्हणाले. ‘काढ गाडी.’

गाडी निघाली. त्या फोटोला तीन पदकं मिळाली, त्याचं कॅलेंडर निघालं आणि पुढच्या वर्षी तो क्लबच्या लेटरहेडवर गेला. वाईट याचं वाटतं की सर खोटं बोलत नाहीत. त्यांना ते तीन तास खरोखर आठवतात. पहिल्या वर्षी पाऊण तास होता, मग दीड झाला, मग तीन. एवढ्यांदा सांगितल्यावर त्यांच्या पायालाही कळ लागली असेल.

दोन वर्षांपूर्वी क्लबमधल्या एकाने नवा कॅमेरा घेतला आणि जुना विकायला काढला, तो समाधानने घेतला. कळल्यावर काय हशा उसळला! ‘आता गाडी कोण चालवणार, आम्ही?’ सर म्हणाले. पुणेरी विनोद. मीही हसले. मग आठवडाभराने समाधानचा मला फोन, ‘मॅडम, बटणं लई हायेत हो. शिकवाल का?’

रविवारी तो आणि पायल माझ्याकडे यायला लागले. हडपसरहून कोथरूड, भर रहदारीतून, दुचाकीवर. बटणांच्या बाबतीत तो अगदी ढ होता. कुठला आकडा वाढवला की उजेड कमी होतो हे मी त्याला दहादा सांगितलं असेल. पण चौकट! मी एकदा गंमत म्हणून माझे जुने फोटो त्याच्यापुढे टाकले. त्याने एकेक हातात घेतला आणि जरा वेळाने अगदी संकोचून म्हणाला, ‘मॅडम, हितं तुमी घाबरलाय.’ मी म्हटलं, फोटोत घाबरायचं काय? तर म्हणाला, ‘मोकळी जागा सोडायची व्हती, तर भरून टाकली.’ अकरा वर्षांत एवढं नेमकं मला कुणी बोललं नव्हतं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, खोटं कशाला सांगू. दोन दिवस मी त्याच्यावर धुमसत होते. तिसऱ्या दिवशी कपाटातले सगळे फोटो काढून बघितले. सगळीकडे घाबरले होते.

ह्या हिवाळ्यात सलग सहा रविवार तो आला नाही. सातव्या रविवारी आला आणि पायलने माझ्या लॅपटॉपवर एक फोटो उघडला.

तीच बाभूळ, तोच बांध, तशीच धूळ. पण कळप पुढे निघून गेलेला, धूळ खाली बसत आलेली, आणि त्या विरळ धुळीतून उजव्या कडेला एक धनगरीण चाललेली, खांद्यावर कोकरू. तिच्यापुढे सगळा माळ मोकळा. मी बघत राहिले. सरांचा फोटो मी हजारदा बघितलाय, तो छान आहे. हा फोटो बघताना मला त्या बाईला हाक मारावीशी वाटली.

‘सात वर्षं मनात ऱ्हायला व्हता,’ समाधान म्हणाला. ‘सर थांबलेच न्हाईत. गाडी काढताना मला आरशात दिसली ना बाई.’

मी तेव्हाच त्याला सावध करायला हवं होतं. केलंही, अर्धवट. म्हटलं, ‘समाधान, ही बाभूळ आता सरांची समजतात रे.’

‘सरांची?’ तो हसायलाच लागला. ‘आवो, सरकारी माळावरची हाय ती. माझं आजोळ पल्याडच्या वाडीतलं. शेंबडा व्हतो तवापासनं बघतोय मी तिला.’

मग त्याने विचारलं, क्लबच्या वार्षिक प्रदर्शनाला बाहेरच्या माणसाला फोटो पाठवता येतो का. येतो, प्रवेश सगळ्यांना खुला असतो. परीक्षकांना नाव दिसत नाही, नुसता क्रमांक दिसतो. ‘आन निवडला तर भिंतीवर लावत्यात? खाली नाव? पुरं नाव?’ पुरं नाव, मी म्हटलं. त्याने पायलकडे बघितलं. ‘मंग आईला आणीन. आईनं माझं नाव छापलेलं एकदाच बघितलंय, लग्नाच्या पत्रिकेत.’ गल्लीतली माणसंही येतील म्हणाला, गाडी आपलीच आहे. पंधरा वर्षं लोकांना वाहिलं, एकदा आपल्यांना भरून आणू.

आणि मी, क्लबची चिटणीस, सगळं माहीत असलेली, काय म्हणाले? ‘पाठव. बिनधास्त पाठव.’ कारण मला वाटलं, माझा विद्यार्थी आहे. श्रेय घ्यायची खाज आमच्या क्लबात हवेतूनच लागते.

फेब्रुवारीत निवड झाली. बाहेरून बोलावलेले दोन परीक्षक, तिसरे दिगंबर सर. शौनक लॅपटॉपवरून एकेक फोटो पडद्यावर टाकत होता, मी क्रमांक पुकारून गुण लिहून घेत होते. प्रवास विभागात एकशे बारा नंबर पडद्यावर आला आणि बाहेरचे दोघे खुर्चीत पुढे सरकले. दोघांनीही त्या दिवसातले सगळ्यात जास्त गुण दिले. सरांनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

‘सर, ही तर तुमची फ्रेम आहे!’ शौनक ओरडला. त्याने लगेच सरांचा फोटो शोधून शेजारी लावला. ‘बघा ना. ट्री सेम, तो बांध सेम, लाइट सेम. कॉपी-पेस्ट आहे हे.’

बाहेरच्या परीक्षकांपैकी एक बाई म्हणाल्या, ‘पण हा जास्त बोलतो. ही बाई बघा ना.’ शौनकने तोवर यादीत नाव काढलं होतं. त्याने ते मोठ्याने वाचलं आणि खोलीत हशा पिकला. ‘समाधान? आपला समाधान?’

सर हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ते हळवे झाले. ‘बिचारा,’ ते म्हणाले. ‘बघून बघून केलंय. मी त्या दिवशी कसा थांबलो, कुठे थांबलो, सगळं पाहिलं होतं ना त्याने. रागावू नका कोणी त्याच्यावर. पण मंडळी, नक्कल ती नक्कल. भिंतीवर लावता येणार नाही.’ मग ते माझ्याकडे वळले. ‘सुनीतीताई, तुम्ही होतात ना त्या दिवशी गाडीत?’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तीन वाक्यं पुरली असती. सर, गाडी समाधानने पुढे नेली होती. थांबायला त्याने सांगितलं होतं. बाईसुद्धा त्याला तेव्हाच दिसली होती. माझ्या ओठांवर आली होती ती वाक्यं.

माझ्यापुढे गुणांचा कागद होता. त्यावर अर्ध्या तासापूर्वी माझ्याच हाताने लिहिलेलं होतं की निसर्ग विभागात पहिला क्रमांक सदतीस नंबरला. सदतीस नंबर माझा होता. कवडीच्या बंधाऱ्यावरचा राखी बगळा, पाठीमागे नदीचा पांढरा फेस, अगदी ढगात उभा असल्यासारखा. अकरा वर्षांत पहिलं पदक. दुसऱ्या क्रमांकापेक्षा एकाच गुणाने पुढे, आणि तो गुण सरांनी दिलेला. कागदावर त्यांची सही व्हायची होती. आणि ऐकायचंच असेल तर हेही ऐका, त्या बंधाऱ्यावर गाडी तसूतसूने मागेपुढे घेऊन मागच्या प्लास्टिकच्या पिशव्या दिसणार नाहीत अशी उभी केली होती ती समाधाननेच. मी फक्त बटण दाबलं होतं.

‘होते ना,’ मी म्हणाले. ‘पण सात वर्षं झाली हो. आता कुठलं आठवतंय!’

सरांनी मान डोलावली. एकशे बारा नंबरवर शौनकने रेघ मारली. मग सर कागदावर सही करायला वाकले, आणि मी त्यांना माझं पेन दिलं.

पत्र मीच लिहिलं. ‘आपली प्रवेशिका मौलिकतेच्या निकषावर विचारात घेता आली नाही. पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ हे शेवटचं वाक्य कुणी सांगितलं नव्हतं, ते माझं स्वतःचं. तीन दिवस फोन वाजला की मी आधी नाव बघून मगच उचलायचे. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला.

‘मॅडम, पायलनं वाचून दाखवलं. मौलिक म्हंजे काय हो?’

मी सांगितलं. स्वतःचं. दुसऱ्याचं बघून न केलेलं.

गाडी रस्त्याकडेला लावून बोलत असावा, बाजूने ट्रक जात होते. मग म्हणाला, ‘सरांचं बघून केलं म्हनले?’

‘हो रे.’

‘पर तुमी व्हता की गाडीत. तुमी सांगितलं न्हाई?’

त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला उत्तर देता येतं. तो नुसता विचारत होता, जसं बटणांचं विचारायचा. आणि मी म्हणाले, ‘सांगितलं ना. सगळं सांगितलं. ऐकतंय कोण!’

एवढं सहज निघालं ते माझ्या तोंडातून. मला आधीपासून पाठ असल्यासारखं.

‘सांगितलं?’ समाधानने एकदम श्वास सोडला. ‘मंग बास. मंग काय न्हाई. मला वाटलं कुनालाच म्हाईत न्हाई. तुमी सरांच्या तोंडावर बोलला, बास झालं मॅडम.’ आणि मग तो माझीच समजूत घालायला लागला. म्हणाला, माझ्यापायी तुमचं वाकडं नको व्हायला, सर मोठे माणूस हायेत. मी हूं, हूं करत राहिले. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात गेले, ओटा पुसला, पुसलेला ओटा परत पुसला. शेवटी स्वतःलाच मोठ्याने म्हटलं, ‘नालायक आहेस तू, सुनीती.’ घरात ऐकायला कोणी नव्हतं, म्हणूनच म्हटलं असणार.

मार्चमध्ये प्रदर्शन लागलं. मला वाटलं आता तो फिरकणार नाही. रविवारी सकाळी अकरा वाजता दालनाच्या दारात टेम्पो ट्रॅव्हलर उभी राहिली आणि बारा जणांच्या त्या गाडीतून चौदा माणसं उतरली. बायकांनी ठेवणीतल्या साड्या नेसल्या होत्या, पुरुषांनी शर्ट खोचले होते. शौनक माझ्या कानाशी पुटपुटला, ‘हे काय, पिकनिक?’ मी त्याला गप्प केलं नाही.

समाधानने सगळ्यांना एका रांगेत घेतलं आणि प्रत्येक फोटोपुढे नेलं. माईक नसला तरी सूर सरांचाच होता. ‘ह्ये बघा, रस्ता हिथनं आत गेलाय, मंग आपली नजर बी आत जाती.’ त्याची माणसं गंभीरपणे माना हलवत होती. दर्शनी भिंतीवर सरांची बाभूळ होती, दरवर्षीच असते. तिच्यापुढे तो थांबला. गल्लीतल्या एकाने विचारलं, ‘आन तुझा रं?’ समाधान म्हणाला, ‘माझा ह्याच्यासारखाच हाय. एकसारखे दोन लावत न्हाईत.’ आणि पुढे सरकला. पायल मात्र सरकली नाही. ती त्या फोटोखालचं नाव वाचत उभी राहिली, मग वळून तिने माझ्याकडे बघितलं. तिने नमस्कार केला नाही.

मग ते सगळे माझ्या बगळ्यापाशी आले. खाली पदकाची निळी फीत आणि माझं पुरं नाव. ‘ह्यो मॅडमचा,’ समाधान म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता, त्याचंच काहीतरी लागल्यासारखा. ‘पहिला नंबर हाय. आन आई, ह्याच त्या मॅडम.’

त्याची आई सुंदराबाई पुढे आल्या. पंचाहत्तरीच्या, पांढरं पातळ, काठी घेतलेल्या. त्यांनी काठी पायलच्या हातात दिली, ‘जय भीम, बाई,’ म्हणाल्या आणि माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. खडबडीत आणि गरम हात होते. मी काहीतरी नमस्कारासारखं पुटपुटले.

‘पोरानं सांगितलं मला,’ त्या म्हणाल्या. ‘भरल्या सभेत तुमी एकल्याच बोलल्या म्हनं त्याच्यासाठी. सगळी गप बसली, तुमी बोलल्या. आमच्या बाजूनं असं कोन बोलतं हो? म्या ह्याला म्हटलं, फोटू ऱ्हाऊ दे, मला त्या बाईला बघायचंय.’ त्यांचे डोळे भरून आले होते. ‘म्हनून आले मी.’

मागे शौनक उभा होता. पलीकडे दिगंबर सर कुणाला तरी त्या तीन तासांची गोष्ट सांगत होते. चौदा माणसं माझ्याकडे बघत होती, समाधान सगळ्यांच्या पुढे. अजूनही वेळ होती. मी सुंदराबाईंच्या हातातले हात सोडवून घेतले नाहीत.

‘त्यात काय एवढं, मावशी,’ मी म्हणाले. ‘जे खरं होतं तेच बोलले.’